वाचकांचे प्रश्न : माल सरहद्द ओलांडतो तेव्हा नेमके काय मोजले जाते?

परकीय व्यापाराच्या आकडेवारीबद्दल आलेल्या पत्रांतून सर्वाधिक विचारले गेलेले प्रश्न या अंकासाठी घेतले आहेत. उदाहरणांतले आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत.

प्रश्न : एकाच देशाच्या, एकाच वर्षाच्या वस्तू-आयातीचे दोन आकडे दिसतात. एक कस्टम्सचा, दुसरा व्यवहारतोलाच्या (म्हणजे देशाच्या परदेशांशी झालेल्या सगळ्या आर्थिक व्यवहारांच्या हिशेबाच्या) तक्त्यातला. दुसरा बरेचदा लहान असतो. खरा कोणता मानायचा?

उत्तर : दोन्ही खरे. कस्टम्स विचारते, माल सरहद्दीतून आत आला का? व्यवहारतोल विचारतो, मालाची मालकी अनिवासी माणसाकडून किंवा कंपनीकडून निवासीकडे आली का? (निवासी कोण हे पासपोर्टवरून ठरत नाही. आर्थिक हितसंबंध कुठे आहेत हे पाहतात आणि व्यवहारात वर्षभराच्या वास्तव्याचा निकष लावतात.) बहुतेक मालाबाबत दोन्ही गोष्टी मागेपुढे घडतातच. म्हणून व्यवहारतोल मांडणारेही सुरुवात कस्टम्सच्या आकड्यापासून करतात आणि मग त्यात दुरुस्त्या करत जातात.

पहिली दुरुस्ती किमतीची. कस्टम्स आयातीची किंमत साधारणपणे सीआयएफ धरते, म्हणजे मालाची किंमत अधिक विमा अधिक भाडे. व्यवहारतोलात किंमत एफओबी हवी, म्हणजे निर्यातदार देशाच्या सरहद्दीवर माल चढवेपर्यंतची. समजा माल १०० डॉलरचा, जहाजभाडे ८ आणि विम्याचा हप्ता २. कस्टम्सच्या नोंदीत ११०, व्यवहारतोलाच्या वस्तू-खात्यात १००. राहिलेले १० कुठे गेले? जहाज परदेशी कंपनीचे असेल तर ८ डॉलर वाहतूक-सेवेची आयात म्हणून सेवा-खात्यात जातात. जहाज आयातदाराच्याच देशातले असेल तर ते ८ डॉलर आयातीतून पूर्णच बाहेर पडतात, कारण एका निवासीने दुसऱ्या निवासीला दिलेले पैसे म्हणजे परकीय व्यापार नव्हे. विमा कंपनी परदेशी असली तरी २ डॉलर सगळेच्या सगळे सेवेत धरत नाहीत. अपेक्षित दाव्यांपोटीचा भाग बाजूला काढतात आणि उरते तेवढीच विमासेवा.

ही दुरुस्ती नीट करायची तर भाड्याची माहिती मालाच्या प्रकारानुसार आणि मार्गानुसार लागते. ती नसली की आयातीतून सरसकट ठरावीक टक्के वजा करण्याचा सोपा मार्ग निघतो. तो वर्षानुवर्षे खपून जातो, पण २०२१ साली कंटेनरचे भाडे कित्येक पटींनी चढले तसे काही झाले की जुनी टक्केवारी उघडी पडते.

दुसरी दुरुस्ती मालकीची, आणि गंमत इथेच आहे. एका कंपनीने ६० डॉलरचे सुटे भाग जोडणीसाठी परदेशात पाठवले, मालकी स्वतःकडेच ठेवली आणि जोडलेली वस्तू ७५ डॉलर मूल्याची होऊन परत आली. कस्टम्स ६० ची निर्यात आणि ७५ ची आयात नोंदवते. व्यवहारतोलात वस्तूंची नोंदच नाही, १५ डॉलरची प्रक्रिया-सेवा आयात झाली एवढेच. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २००९ च्या नियमपुस्तिकेच्या सहाव्या आवृत्तीपासून ही रीत आहे.

उलटा प्रकारही आहे. व्यापाऱ्याने एका परदेशात ५० डॉलरला माल घेतला आणि तो स्वतःच्या देशात न आणता तिसऱ्या देशात ५८ ला विकला. कस्टम्सला याचा पत्ताही लागत नाही. व्यवहारतोलात मात्र खरेदी ‘उणे ५० निर्यात’ आणि विक्री ‘अधिक ५८ निर्यात’ अशी मांडतात, निव्वळ ८. खरेदी मार्चमध्ये आणि विक्री एप्रिलमध्ये झाली तर जानेवारी-मार्चच्या तिमाहीत या सदरात उणे निर्यात दिसू शकते. तो छापखान्याचा दोष समजू नये.

व्यवहारतोलाचा आकडा कस्टम्सपेक्षा मोठाही निघतो. लष्करी सामग्रीसारखी खरेदी कस्टम्सच्या प्रसिद्ध आकड्यांत नसेल, तर ती इथे वेगळी मिळवावी लागते.

प्रश्न : ‘अ’ देशाची ‘ब’ देशाला झालेली निर्यात आणि ‘ब’ देशाने दाखवलेली ‘अ’ कडची आयात या दोन रकमा जुळायला नकोत का?

उत्तर : जुळायला हव्यात, जुळत नाहीत. एफओबी-सीआयएफचा फरक वर आलाच. त्यापेक्षा मोठा घोळ देशाच्या नावाचा. आयात करणारा देश मालाचा उगम कुठला ते लिहितो, तर निर्यात करणारा माल निघताना माहीत असलेले शेवटचे ठिकाण लिहितो. माल वाटेत मोठ्या बंदरात उतरून पुढे गेला की ‘अ’ च्या दप्तरात ते बंदर असलेला देश चढतो आणि ‘ब’ च्या दप्तरात ‘अ’. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरामुळे युरोपच्या आकडेवारीत हे इतके होते की त्याला ‘रॉटरडॅम परिणाम’ असेच म्हणतात. शिवाय डिसेंबरअखेर निघालेले जहाज जानेवारीत पोचते, म्हणजे वर्षच बदलते.

मालाचे वर्गीकरणही नडते. जागतिक सीमाशुल्क संघटनेची एचएस ही सांकेतांक-पद्धत १९८८ पासून लागू आहे. तिचे पहिले सहा अंक सगळीकडे समान असतात आणि पुढचे प्रत्येक देश आपापले जोडतो. म्हणून दोन देशांची तुलना सहा अंकांपर्यंतच करावी, आठव्या अंकावर करू नये.

दोन आकड्यांपैकी एकच निवडायचा असेल तर आम्ही आयातदाराचा निवडू, कारण तिथे शुल्क वसूल व्हायचे असते आणि कागदपत्रे बारकाईने तपासली जातात. शुल्काचा दर चढा असेल तर मात्र हाच तर्क उलटतो, कारण बिलात किंमत कमी दाखवण्याचा मोह वाढतो. नोंदींतल्या चुका पकडायची जुनी युक्ती म्हणजे किंमत भागिले वजन. एका सांकेतांकाखालच्या बाकी नोंदी किलोला ४ डॉलरच्या आसपास आणि एकच ४,००० वर असेल, तर कोणीतरी वजन किलोऐवजी टनांत लिहिले असण्याचीच शक्यता जास्त.

प्रश्न : सेवा कुठल्याच नाक्यावरून जात नाहीत. मग त्यांची मोजणी होते कशी?

उत्तर : तुकड्यातुकड्यांनी. व्यवहारतोलात सेवांचे बारा मुख्य प्रकार आहेत आणि माहितीचा स्रोत प्रकारागणिक वेगळा. संगणक-सेवा, सल्लासेवा, स्वामित्वशुल्क यांसाठी कंपन्यांचे सर्वेक्षण करतात किंवा बँकांकडून परकीय देयकांची माहिती घेतात. प्रत्येक देयकाला बँकेत हेतूचा सांकेतांक लागतो. तो चुकला तर सेवा भलत्याच सदरात जाते. त्याहून वाईट म्हणजे समूहातल्या कंपन्या आपसातली देणी-घेणी वळती करून फक्त फरक पाठवतात. १०० येणे आणि ७० देणे असताना बँकेला ३० दिसतात, म्हणजे निर्यातही गायब आणि आयातही.

प्रवास हे सदर सगळ्यांत अंदाजी. सूत्र सोपे : प्रवासी गुणिले सरासरी रात्री गुणिले दर रात्रीचा खर्च. दोन लाख प्रवासी, ६ रात्री, ९० डॉलर म्हणजे १० कोटी ८० लाख डॉलर. सरासरी मुक्काम ६ ऐवजी ६.५ निघाला तर उत्तर ९० लाखांनी वाढते, आणि विमानतळावर घाईत असलेल्या माणसाला विचारून अर्ध्या रात्रीची चूक सहज होते. सहल कंपनीच्या एकत्रित रकमेतून आंतरराष्ट्रीय विमानभाडे वेगळे काढावे लागते, कारण ते वाहतूक सदरात जाते. परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची फी, खोलीभाडे, जेवण हे सगळे प्रवासातच धरतात, तो तिथे चार वर्षे राहिला तरी. विद्यार्थी आणि रुग्ण यांना वर्षभराचा निकष लागत नाही.

एक मोठा भाग तर या तक्त्यात येतच नाही. परदेशी बँकेने तुमच्या देशात उपकंपनी काढून तिथल्या ग्राहकांना सेवा दिली तर ती जागतिक व्यापार संघटनेच्या व्याख्येत सेवाव्यापाराचा तिसरा मार्ग ठरते, पण उपकंपनी निवासी असल्याने व्यवहारतोलात तिची विक्री नोंदली जात नाही. तिच्यासाठी परदेशी मालकीच्या कंपन्यांची वेगळी आकडेवारी पाहावी लागते.

प्रश्न : काही देशांची निर्यात जीडीपीच्या १०० टक्क्यांहून जास्त कशी?

उत्तर : जीडीपी फक्त देशात भर पडलेले मूल्य मोजतो, निर्यात मालाची पूर्ण किंमत मोजते. ९० चे भाग आयात करून १०० ची वस्तू निर्यात केली तर निर्यात १०० आणि जीडीपीत भर १०. सिंगापूर, हाँगकाँग, लक्झेंबर्ग यांचे गुणोत्तर त्यामुळेच इतके चढे दिसते. आयात-निर्यातीची बेरीज भागिले जीडीपी हे ‘खुलेपणा’चे माप लहान देशांना आणि पुनर्निर्यातीच्या (आयात केलेला माल तसाच पुढे पाठवणाऱ्या) देशांना फुगवते. दोन देशांची तुलना त्यावरून करायची तर मूल्यवर्धनावर आधारित व्यापाराचे तक्ते घ्यावेत, ते ओईसीडी ही प्रामुख्याने विकसित देशांची संघटना २०१३ पासून काढते.

प्रश्न : निर्यात ८ टक्क्यांनी वाढली अशी बातमी येते. खरोखर तेवढा माल जास्त गेला का?

उत्तर : बातमीत बहुधा मूल्य असते. निर्यात-किमतींचा निर्देशांक त्याच काळात ५ टक्के चढला असेल तर १०८ भागिले १०५, म्हणजे प्रमाणातली वाढ सुमारे २.९ टक्के. पण भागण्यापूर्वी मूल्य आणि निर्देशांक एकाच चलनात आहेत ना, ते पाहा. निर्देशांक कुठला हेही पाहा. नुसते एकूण मूल्य भागिले एकूण वजन करून काढलेला असेल, तर स्वस्त गाड्यांऐवजी महागड्या गाड्या जास्त गेल्या तरी तो किंमतवाढ दाखवतो. ठरावीक वस्तूंचे भाव दर महिन्याला त्याच निर्यातदारांना विचारून काढलेला निर्देशांक मिळाला तर तोच घ्या.