गजकर्णाची ट्यूब लावली की जातं, बंद केली की परत येतं. नेमकं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करता, जांघेत आणि कमरपट्ट्याखाली गोल चट्टे उठलेत, मेडिकलच्या ट्यूबने चार दिवसांत आराम पडतो, ती बंद केली की आठवड्यात दुपटीने उठतं आणि आता मंडळींनाही, म्हणजे बायकोलाही, तेच झालंय. मी सोलापुरातच, अक्कलकोट रोडच्या बाजूला मेडिकल चालवतो. फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, म्हणून न बघता तुमच्या चट्ट्याला नाव देणार नाही. पण हे गाऱ्हाणं काउंटरवर कायम येतं, आणि बहुतेक वेळा घोळ त्या ट्यूबमध्येच असतो.

ती ट्यूब हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. इंग्रजीत असतील, घरातल्या शिकत्या पोराला वाचायला सांगा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर त्यात स्टेरॉइड आहे. सोबत मायकोनॅझोल किंवा क्लोट्रिमॅझोल हे बुरशीचं औषध असतं, निओमायसिनसारखं अँटिबायोटिकही असतं, आणि एकाच ट्यूबमध्ये सगळं मिळतंय म्हणून माणूस खूश होतो. गेल्या उन्हाळ्यात विडी वळणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. दिवसभर मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन बसायचं काम. हातात शेवटपर्यंत गुंडाळून पिळलेली ट्यूब. “हीच द्या, हिच्यानंच आराम पडतोय,” म्हणाल्या. मी ती उलगडून वाचली तर पहिलंच नाव क्लोबेटासॉल, म्हणजे लावायच्या स्टेरॉइडांमधलं सगळ्यात कडक. मावशींना खरंच आराम पडत होता, त्या खोटं बोलत नव्हत्या. फक्त तो आराम बुरशी मेल्याचा नव्हता.

गजकर्णाची बुरशी कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते. शरीर तिच्याशी झगडतं, म्हणून लाली येते, खाज सुटते, कड उठून दिसते. स्टेरॉइड हे झगडणंच दाबून टाकतं. खाज थांबते, लाली उतरते आणि बुरशी निवांत पसरते. ट्यूब सुटली की दाबलेलं सगळं एकदम वर येतं. महिनोन्‌महिने असं चाललं की गोल कड पुसट होते, चट्टा गजकर्णासारखा दिसतच नाही आणि डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. जांघेतली कातडी मुळातच नाजूक, ती पातळ पडते, लांबट पांढरट-जांभळे व्रण उमटतात. ते व्रण जात नाहीत. विशी-बाविशीतल्या पोरांच्या मांड्यांवर ते पाहिले की मला फार वाईट वाटतं, कारण हे सहज टळण्यासारखं असतं.

२०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी “खाजेची ट्यूब द्या” म्हटलं की ती हातात पडते, हे मी आमच्याच धंद्यातल्या लोकांना तोंडावर सांगतो. तुम्ही दुकानात गेलात तर एवढंच विचारा: “यात स्टेरॉइड आहे का? मला नुसतं बुरशीचं पाहिजे.”

नुसतं बुरशीचं म्हणजे ट्यूबवर एकच औषध: क्लोट्रिमॅझोल १ टक्का, ल्युलिकोनॅझोल १ टक्का, टर्बिनाफिन १ टक्का किंवा केटोकोनॅझोल २ टक्के. क्लोट्रिमॅझोल साधारण दिवसातून दोनदा लावतात, ल्युलिकोनॅझोल एकदा. बाकी डॉक्टर सांगतील किंवा आतल्या कागदावर असेल तसं. यांनी दोन दिवसांत खाज पळत नाही, आणि नेमकी तिथेच माणसाची गाडी घसरते. पहिला आठवडा धीर धरायला लागतो. खाज फारच असह्य असेल तर तिच्यासाठी वेगळी गोळी मिळते, ती डॉक्टरांकडून घ्या, पण परत जुन्या ट्यूबकडे वळू नका. स्टेरॉइड बरेच महिने लावलं असेल तर ते बंद केल्यावर काही दिवस आग आणि लाली वाढू शकते. तुमच्या सांगण्यावरून तुमचंही तसं असू शकतं, म्हणून बंद करतानाच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलेलं बरं.

आता लावायची पद्धत, कारण बरोबर औषध चुकीचं लावणारेही पुष्कळ. आंघोळीनंतर जांघ आणि कंबर पूर्ण कोरडी करा, सुती फडक्याने टिपून. ओल्या कातडीवर मलम लावू नका. मलम चट्ट्यापुरतंच लावायचं नाही. बाहेरच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवरही साधारण दोन सेंटिमीटर, म्हणजे बोटभर रुंद, लावायचं, कारण बुरशी दिसते त्यापेक्षा पुढे गेलेली असते. सुरुवात बाहेरून करा आणि आत या. माप सोपं आहे: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत मलमाची एक रेघ काढा, ते अर्धा ग्रॅम भरतं आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. यावरून हिशोब करा. तेवढ्याच जागेला दिवसातून दोनदा लावत असाल तर १५ ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपली पाहिजे. दोन महिने पुरली असेल तर तुम्ही कमी लावताय. थापायचंही नाही, पातळ थर हळूच चोळून जिरवा, वर पट्टी बांधू नका, नंतर हात साबणाने धुवा.

चट्टा दिसेनासा झाला तरी थांबायचं नाही. कातडी साफ दिसू लागल्यावर आणखी दोन आठवडे लावायचं असं डॉक्टर सांगतात, म्हणजे सगळे मिळून चार-सहा आठवडे सहज होतात. हा सगळ्यात चुकवला जाणारा भाग आहे. खाज गेली की ट्यूब कपाटात जाते, आणि उरलेली बुरशी परत डोकं काढते. लावल्यावर कातडी जळजळून सुजली किंवा फोड आले तर मात्र ते मलम ताबडतोब बंद करा. बुरशीच्या मलमाचीही एखाद्याला ॲलर्जी असते.

मंडळींचे उपचार तुमच्याबरोबरच सुरू झाले पाहिजेत, नाहीतर तुम्ही एकमेकांना देत राहाल. दिवसभर टॉवेल विणणाऱ्या माणसाच्या घरात एकच टॉवेल सगळ्यांनी वापरायचा हे बंद करा. आतले कपडे रोज बदला, गरम पाण्यात धुवा, उलटे करून कडक उन्हात वाळवा. आपल्याकडे उन्हाची काय कमी. शक्य असेल तर शिवणीवरून इस्त्री फिरवा. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गल्लीत हे बोलणं सोपं आणि करणं अवघड, मला माहीत आहे. पाणी कमीच असेल तर चादर राहू द्या, आतले कपडे आणि टॉवेल आधी धुवा. कारखान्यात घट्ट जीनपेक्षा सैल सुती पँट घाला, पाळी सुटली की घामाचे कपडे लगेच काढा. पावडर घाम शोषायला ठीक, पण पावडरीने गजकर्ण बरं होत नाही. आणि लसूण, चुना, रॉकेल किंवा कातडी सोलणारं सॅलिसिलिक ॲसिडचं लोशन जांघेत अजिबात लावू नका. भाजून आलेली माणसं मी पाहिली आहेत. ट्यूब गाडीच्या डिकीत किंवा मागाशेजारी ठेवू नका, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात औषध खराब होतं.

दुसऱ्याला लिहून दिलेल्या गोळ्याही घेऊ नका. टर्बिनाफिन, इट्राकोनॅझोल या गोळ्या यकृताकडे, हृदयाकडे आणि चालू असलेल्या इतर औषधांकडे बघून द्यायच्या असतात. त्यात गेल्या काही वर्षांत आपल्या देशात ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी पसरली आहे. २०२० साली जपानच्या संशोधकांनी भारत आणि नेपाळच्या रुग्णांमध्ये ती वेगळी ओळखली, आणि तिच्यावर टर्बिनाफिन पुष्कळदा चालत नाही. म्हणून मलमाने फरक पडला नाही तर मनानेच दुसरी, तिसरी ट्यूब बदलत बसण्यात अर्थ नाही.

दोन आठवडे नीट लावूनही फरक नसेल, चट्टे अंगभर असतील, चेहरा, दाढी, डोकं किंवा नखं धरली असतील, पू किंवा ताप असेल, शुगर असेल, घरात लहान मूल किंवा गरोदर बाईला झालं असेल, तर मेडिकलकडे नाही, थेट डॉक्टरकडे जायचं. डोक्यातली आणि नखांतली बुरशी नुसत्या मलमाने सहसा जात नाही. आणखी एक गोष्ट सोलापूरकरांना मुद्दाम सांगतो: फिकट किंवा लालसर चट्टा असेल, खाज नसेल आणि तिथे टाचणीचं टोक जाणवत नसेल, तर ते गजकर्ण समजून मलम लावत बसू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर तो पूर्ण बरा होतो.

खाजगीत जमत नसेल तर सिव्हिलच्या त्वचारोग ओपीडीत जा. सकाळी लवकर गेलात तर बरं, गर्दी असते. चट्ट्याच्या कडेवरची थोडी खपली खरवडून, तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, दुखत नाही. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या आणि शेवटचं मलम कधी लावलं ते सांगा. आदल्या दिवसापर्यंत मलम लावलेलं असलं तर तपासणीत बुरशी असूनही दिसत नाही, असं होऊ शकतं.