भरती, बॅकवॉटर अन् भोरड्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही परभणीचे. दिवाळीच्या सुट्टीत दापोलीकडं चाललोय. लेक सातवीत आहे, तिला पक्ष्यांचं भयंकर वेड, बाहेरदेशातून आलेले पक्षी किनाऱ्यावर बघायचेत म्हणते. आम्हाला समुद्रातलं काहीच कळत नाही. पहाटे बीचवर गेलं की दिसतात ना? आणि दुर्बीण घ्यावी का?
— एक आई, परभणी

ताई, पहाटेच जायचं असं काही नसतं, आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. किनाऱ्यावरचे पक्षी घड्याळावर चालत नाहीत, भरती-ओहोटीवर चालतात. ओहोटीला चिखल अन् ओली वाळू पार लांबवर उघडी पडते, तिथं किडे, शिंपले, छोटे खेकडे असतात, मग सगळे पक्षी तिकडं चरायला पांगतात आणि आपल्याला नुसते ठिपके दिसतात. पाणी चढायला लागलं की तेच पक्षी मागं सरकत सरकत तुमच्या पुढ्यात येतात. म्हणून भरतीच्या आधीचे दीड-दोन तास पकडायचे.

भरतीची वेळ काढायचा कोळी लोकांचा हिशोब एकदम सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची. भाऊबीज म्हणजे द्वितीया, दोनची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या आसपास भरती, ओहोटी सकाळी साडेसातला. म्हणजे त्या दिवशी पहाटे उठून गेलात तर लेकीचा हिरमोड ठरलेला, साडेअकराला जा. तेच अष्टमीच्या आसपास असाल तर भरती सहाच्या सुमाराला, मग मात्र सकाळीच जा, पाणी उतरायला लागलं की पक्षी जवळच चरताना सापडतात. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडं-तिकडं होतो, पक्की वेळ तिथल्या कोळ्यांना विचारा. आणखी एक, आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, सकाळी सूर्य पाठीशी असतो म्हणून रंग नीट दिसतात, संध्याकाळी त्याच पक्ष्यांच्या काळ्या सावल्या होतात. सनसेटला पक्षी ओळखत बसू नका, भजी खा.

काय बघायचं? दिवाळीपर्यंत चिखल्या (प्लव्हर), तुतवार (सँडपायपर) हे छोटे किनारपक्षी आलेलेच असतात, कुरवांचे म्हणजे सीगलचे थवे यायला लागलेले असतात. लेकीला लाटेच्या कडेला बघायला सांगा, तिथं सँडरलिंग नावाचे छोटे पांढुरके पक्षी दिसतील, लाट मागं गेली की तिच्यामागं पळत जाऊन टकाटका चोच मारतात अन् पुढची लाट आली की पाय भिजायच्या आत परत पळत येतात, दिवसभर हेच. चिखल्याची तऱ्हा वेगळी, चार पावलं पळणार, गपकन थांबणार, टिपणार, परत पळणार. कोरल म्हणजे कर्ल्यू पक्षी दिसला तर नशीबच, खाली वाकलेली भलीमोठी चोच बिळात घालून खेकडा ओढतो आणि आपटून आपटून त्याचे पाय झाडून मगच गिळतो.

अजून एक तिला सांगा, यातल्या बऱ्याच जातींत मोठे पक्षी आधी निघून येतात आणि त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं मागून आपली आपण येतात, रस्ता दाखवायला कुणी नाही. 2022 मध्ये गॉडविट नावाच्या लांब चोचीच्या किनारपक्ष्याच्या एका पिल्लाला अलास्कात ट्रान्समीटर बसवला होता, जेमतेम पाच महिन्यांचं ते, 11 दिवस कुठंही न उतरता 13,560 किलोमीटर उडत टास्मानियाला पोचलं.

दुर्बीण 8 बाय 42 ची पुरे, पण आधी कुणाची तरी मागून आणा, वेड टिकलं तर विकत घ्या. आणि कृपा करून फोटोसाठी थवा उडवू नका, शेव-फरसाण टाकू नका. इतक्या लांबून आलेला पक्षी चरबी परत भरायला उतरलेला असतो, त्याला दहादा उडवलं की खाल्लेलं सगळं त्यातच जातं. हे बीचवर सांगायला गेलं की लोक भांडतात, तरी सांगा.

प्रश्न : पैठणजवळ राहतो. धरण फुल्ल भरलं की आम्ही खूश, पण त्या वर्षी पक्षी उशिरा अन् कमी दिसतात. इतकं पाणी असून असं का?
— एक शिक्षक, पैठण तालुका

सर, पाणी जास्त आहे म्हणूनच. शेकाट्या, तुतवार, रोहित (फ्लेमिंगो) यांना पाणी हवं ते घोट्या-गुडघ्याएवढं. थापट्या बदक ती चमच्यासारखी चोच पाण्यात धरून गाळत गाळत गोल फिरतं, तलवार बदक बूड वर करून मान खाली घालतं, तळाला मान पोचली तरच पोट भरणार. नाथसागर म्हणजे जायकवाडीचा जलाशय काठोकाठ भरला की उथळ कडाच बुडतात. वारकरी (कूट) पक्षी अन् बुडी मारणारी बदकं तेवढी खोल पाण्यावर टिकतात. कालव्याला पाणी सुटून कडेची गाळपेरीची जमीन उघडी पडायला लागली की बाकीचे येतात, ते तोवर दुसरीकडं वेळ काढतात. तिकडं समुद्र दिवसातून दोनदा चिखल उघडा करतो, आपल्याकडं हेच काम वर्षातून एकदा होतं, एवढाच काय तो फरक. त्यामुळं भरल्या वर्षी भिंतीवर उभं राहू नका, सोनेवाडी नाहीतर कायगाव टोक्याकडच्या बॅकवॉटरला जा आणि डिसेंबर-जानेवारीत जा, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंसही तेव्हा काठच्या शेतात चरताना दिसतील. 1986 पासून हे अभयारण्य आहे, तेव्हा पोरांना नेणार असाल तर वनखात्याला आधी विचारून घ्या.

प्रश्न : ज्वारीवर पडणाऱ्या भोरड्या पण फॉरेनच्या म्हणे, खरं का? कणसं राहू देत नाहीत.
— एक शेतकरी, जालना

खरंय दादा. भोरड्या म्हणजे गुलाबी मैना. पूर्व युरोपापासून मध्य आशियाच्या गवताळ माळांवर यांची वीण, तिकडं पिल्लांना टोळ-नाकतोडे चारतात म्हणून तिकडचे शेतकरी यांच्यावर खूश. पाऊस चालू असतानाच, ऑगस्टपासून आपल्याकडं यायला लागतात, एप्रिलपर्यंत परततात. इथं वड-पिंपळाची फळं, किडे खातात अन् दाणा भरला की तुमची ज्वारी. गोफण, डबा, आरोळी खुशाल चालू द्या, जाळं अन् विषाचा दाणा मात्र नको, 1972 च्या वन्यजीव कायद्यात अडकाल, आणि तो दाणा तुमच्याच कोंबड्या खातील.