आममुखत्यार की कुळमुखत्यार?

नागपूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे : 'आजोबांनी काकांना करून दिलेल्या जुन्या कागदावर आममुखत्यारपत्र लिहिलंय. पुण्याची वहिनी त्याला कुळमुखत्यारपत्र म्हणते. बरोबर कोणतं? आणि मुखत्यार म्हणजे मालकाच्या मुखानं बोलणारा, असंच ना?'

आपल्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा हा कागद, म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नी. दोन्ही शब्द चालतात, पण कुळ नको, कुल लिहा. हा अरबी 'कुल्ल', म्हणजे सगळं. घराण्याच्या किंवा जमीन कसणाऱ्या कुळाशी त्याचं नातं नाही. आम म्हणजे सर्वसाधारण. एकाच कामापुरतं असेल तर खासमुखत्यारपत्र. नागपूर 1956 पर्यंत हिंदी-मराठी अशा जोड प्रांताची राजधानी होतं, त्यामुळे इथल्या कचेऱ्यांत 'आम' रुजला असावा. तो बदलू नका, आपलाच आहे.

'मुख' मात्र त्यात नाही, जरी कल्पना मला फार आवडली. अरबी 'मुख्तार' म्हणजे निवडलेला. अधिकार या अर्थाचा 'अखत्यार' त्याचा सख्खा भाऊ. दोघांच्या मुळाशी निवडणं आहे. मुखत्यारमधला 'य' बहुधा या भावाकडूनच आला.

खरी गोची पुढे आहे. बोलताना 'तू तुझ्या मर्जीचा मुखत्यार' म्हटलं की मुखत्यार म्हणजे धनी. कायद्यात तो धनी नव्हे, धन्यानं निवडलेला माणूस. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 182 सांगतं, की दुसऱ्यासाठी काम करायला किंवा तिसऱ्याशी व्यवहारात त्याच्या जागी उभं राहायला नेमलेला तो एजंट. अधिकारात राहून त्यानं केलेला करार मालकानंच केल्यासारखा मालकाला बांधतो (कलम 226). हिशेब मागितला की द्यावाच लागतो. आपल्याकडे ले-आउटमधले प्लॉट नुसत्या मुखत्यारपत्रावर घेतलेली माणसं भेटतात आणि जीव कळवळतो, कारण शब्दातल्या धनीपणावर त्यांनी विश्वास ठेवलेला असतो. अशा कागदानं मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

आणि निवडणारा गेला की निवडही संपते. कलम 201 प्रमाणे मालकाच्या मृत्यूनं मुखत्यारी सुटते. त्या मालमत्तेत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल, तर कलम 202 चा अपवाद आहे. तेव्हा आजोबा हयात नसतील, तर काकांच्या सह्यांच्या तारखा आधी वकिलाला दाखवा.