एका मुलीसाठी थांबणारी गाडी? शिराताकीच्या स्टेशनांची खरी गोष्ट

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड सारखा फिरत असतो, की जपानमध्ये एका शाळकरी मुलीसाठी सरकारने अख्खं स्टेशन चालू ठेवलं, दिवसाला दोनच गाड्या, त्याही तिच्या शाळेच्या वेळेला, आणि तिचं शिक्षण संपलं तसं स्टेशन बंद. आमच्या ग्रुपवर यावरून चांगलीच जुंपली, निम्मे म्हणतात थाप आहे. खरं काय?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : थाप नाहीये, पण दोन स्टेशनांची सरमिसळ झालीये. जागा आहे होक्काइदो, जपानचं उत्तरेकडचं बेट, आणि रेल्वेची लाइन सेकिहोकू. ही गोष्ट जानेवारी 2016 मध्ये चीनच्या सीसीटीव्ही न्यूज या सरकारी वृत्तवाहिनीच्या फेसबुक पोस्टवरून जगभर पसरली, त्यात स्टेशनचं नाव होतं कामी-शिराताकी. तिथे खरंच दिवसाला एक गाडी जायला आणि एक यायला होती, सकाळी 7:04 आणि संध्याकाळी 5:08, फॉरवर्डमधल्या वेळा त्याच. पण ती मुलगी तिथून चढायचीच नाही! तिचं स्टेशन क्यू-शिराताकी. त्या भागात कामी-शिराताकी, शिराताकी, क्यू-शिराताकी आणि शिमो-शिराताकी अशी चार स्टेशनं ओळीने होती, त्यामुळे लांबच्या माणसाचा गोंधळ होणं साहजिकच आहे.

क्यू-शिराताकी म्हणजे एकच प्लॅटफॉर्म आणि लाकडाची छोटीशी वेटिंग रूम, बस. 1947 मध्ये तात्पुरता थांबा म्हणून सुरू झालं, 1987 मध्ये रेल्वेचं खाजगीकरण झालं तेव्हा स्टेशनचा दर्जा मिळाला. एंगारू गावातल्या हायस्कूलला जायला सकाळी एकच गाडी, ती चुकली की शाळा बुडाली, आणि परतीला तीन. थंडीत तिथे पारा उणे 20 च्याही खाली जातो, तेव्हा ती वेटिंग रूम किती मोलाची असेल बघा. या स्टेशनवरून रोज जाणारी तीच एकटी होती हे खरं, पण गाडी तिच्या एकटीसाठी नव्हती, पुढच्या-मागच्या स्टेशनांवरची इतर मुलंही त्याच गाडीने शाळेत जायची.

आता बंद का झालं. तिथली रेल्वे चालवणाऱ्या जेआर होक्काइदो कंपनीने प्रवासी नाहीत म्हणून कामी, क्यू आणि शिमो ही तिन्ही शिराताकी एकदमच बंद केली, 26 मार्च 2016 ला. त्या दिवशी नवीन टाइमटेबल लागू झालं, जपानमध्ये ते बहुतेक दरवर्षी मार्चमध्येच बदलतं आणि शाळेचं वर्षही मार्चमध्येच संपतं, म्हणून तिचं हायस्कूल संपणं आणि स्टेशन बंद होणं एकाच महिन्यात आलं. आदल्या दिवशी गावकरी आणि रेल्वेवेडी मंडळी निरोप द्यायला जमली होती. मला विचाराल तर फॉरवर्डपेक्षा ही खरी गोष्टच जास्त भिडते, कारण कुणी उपकार म्हणून गाडी सोडत नव्हतं, इतकी वर्षं एका आडगावातल्या पोरांना शाळेत जायला गाडी होती, टाइमटेबलमध्ये छापलेली, हक्काची.

प्रश्न : अशा स्टेशनवर माणूसच नसतो म्हणे, मग तिकीट कुठे काढायचं? फुकट जाणारे नसतात का?
(एक वाचक, नगर)

उत्तर : स्टेशनवर कुणी नसतं, पण गाडीत ड्रायव्हर असतो ना! या लाइनींवर बहुतेक एका डब्याची डिझेल गाडी असते, कंडक्टर नाही, सगळं ड्रायव्हरच बघतो. मागच्या दाराने चढायचं, दाराशीच मशीन असतं त्यातून एक चिठ्ठी घ्यायची, तिच्यावर फक्त एक नंबर छापलेला असतो. तो नंबर म्हणजे तुम्ही कुठे चढलात ते. पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर बोर्ड असतो, त्यात प्रत्येक नंबरखाली भाडं दिसतं आणि गाडी पुढे जाईल तसं ते वाढत जातं. उतरताना पुढच्या दाराने, ड्रायव्हरशेजारच्या पेटीत चिठ्ठी आणि बरोब्बर तेवढे पैसे टाकायचे. पेटी उरलेले पैसे परत देत नाही, सुटे हवे असतील तर शेजारच्या मशीनमध्ये हजार येनची नोट घालून आधीच करून घ्या, गाडी थांबल्यावर खिसे चाचपत बसलात तर मागचे सगळे खोळंबतात. तोक्योत चालणारं रेल्वेचं कार्ड इथे चालेलच असं नाही, रोख जवळ ठेवाच. आणि गाडी दोन डब्यांची असेल तर अशा स्टेशनवर फक्त पुढच्या डब्याची दारं उघडतात, तेव्हा आधीच पुढे जाऊन बसा.

प्रश्न : पुढच्या वर्षी होक्काइदोला जायचा विचार आहे. शिराताकी बघता येईल का? नाहीतर असं दुसरं स्टेशन सुचवा.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : शिराताकी हे मधलं स्टेशन चालू आहे, पण ती तीन गेली. कामी-शिराताकी गेल्यावर कामीकावा ते शिराताकी मध्ये 37.3 किलोमीटर एकही स्टेशन उरलं नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये तर कंपनीने जाहीरच केलं की आमच्या एकूण रेल्वेमार्गांपैकी जवळपास निम्मे, म्हणजे 1,237 किलोमीटर, आम्हाला एकट्याने चालवणं झेपणार नाही, सेकिहोकूही त्यात आली. मार्च 2021 मध्ये आणखी 18 स्टेशनं एका झटक्यात बंद झाली. तेव्हा जायचंच असेल तर फार पुढे ढकलू नका.

मी कोबोरो सुचवेन, मुरोरान लाइनवर. दोन बोगद्यांच्या मधल्या चिमूटभर जागेत स्टेशन, पलीकडे समुद्र, आणि तिथे पोचणारा रस्ताच नाही, गाडीनेच जायचं आणि गाडीनेच यायचं. 1943 मध्ये सिंगल लाइनवर गाड्यांचं क्रॉसिंग व्हावं म्हणून ही जागा केली होती. 2015 मध्ये हेही बंद करायचं घाटत होतं, पण तोयोउरा गावाच्या पालिकेने देखभालीचा खर्च स्वतःच्या अंगावर घेतला आणि 2016 पासून ते चालू राहिलं. वस्ती नसलेल्या स्टेशनसाठी एक छोटं गाव पदरचे पैसे घालतं, याचं मला फार कौतुक वाटतं, फॉरवर्ड करायचंच तर हे करा की!

फक्त एक, दिवसाला मोजक्याच गाड्या थांबतात आणि जवळ दुकान वगैरे काही नाही. उतरायच्या आधी परतीची गाडी कितीची आहे ते त्या महिन्याच्या टाइमटेबलमध्ये बघा, जुन्या ब्लॉगवरच्या वेळांवर जाऊ नका, आणि पाणी-खाणं बरोबर ठेवा.