‘पर्यंत’ला इंग्रजीत काय म्हणशील?

म्हापसा

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही ताईने परवा आणून दिली. पाचशे शब्द, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ, अक्षर सुबक. एवढ्या चिकाटीचं मला मनापासून कौतुक वाटतं. तरी स्पष्ट सांगतो, ही वही अजून अर्धीच झाली आहे.

सातवं पान उघड. ‘बाय’ म्हणजे पर्यंत, असं लिहिलं आहेस. खाली ‘टिल’, त्याचाही अर्थ पर्यंत. दोन्ही बरोबर. पण याच दोन शब्दांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून मोठी चूक झाली. कळंगुटच्या एका हॉटेलात मी काउंटरवर होतो. एक वयस्क इंग्रज जोडपं दुपारी बाराला आलं, खोलीची साफसफाई चालू होती. ‘चार वाजेपर्यंत खोली मिळेल’ हे सांगायला मी चिठ्ठी ठेवली: ‘द रूम विल बी अव्हेलेबल टिल फोर.’ त्यांनी जे लिहिलं होतं तेच वाचलं. खोली चारपर्यंतच आपली, मग सोडायची. प्रवासाने थकलेली ती माणसं बॅगा उचलून निघून गेली. का गेली ते मला कळलं तोवर त्यांची टॅक्सी दिसेनाशी झाली होती.

‘चार वाजेपर्यंत काम संपव’ आणि ‘चार वाजेपर्यंत थांब’, मराठीत दोन्हीकडे एकच पर्यंत चालतो. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’ लागतो, दुसऱ्याला ‘टिल’. त्या वेळेच्या आत कधीतरी उरकायचं ते ‘बाय’. त्या वेळेपर्यंत सलग चालू राहायचं ते ‘टिल’. हे अर्थाच्या रकान्यात मावत नाही, त्याला वाक्यच लागतं.

आणि ते वाक्य तुझ्या स्वतःच्या दिवसातलं हवं, गाईडातून उतरवलेलं नको. तू चोडणचा, रोज फेरीबोटीने रायबंदरला उतरतोस. मग लिही: ‘आय मस्ट रीच द जेटी बाय सिक्स.’ ‘आय वेटेड देअर टिल टेन.’ बोट चुकली तर ‘आय मिस्ड द फेरी’, आणि आजीची आठवण आली तर ‘आय मिस माय ग्रँडमदर’. एकच ‘मिस’, मराठीत मात्र एकदा चुकणं, एकदा आठवण येणं.

शब्दाचे सोबतीही टिपून ठेव. आपल्याकडे पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा, चहा कडक. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’ आणि चहाही ‘स्ट्राँग’. असं का, ते विचारत बसू नकोस. जोडी जशी आहे तशी कानात बसू दे.

काही शब्द तर तुझ्या घरातलेच आहेत. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून काजू आणला. त्यांच्या ‘काजू’वरूनच इंग्रजीचा ‘कॅश्यू’ आला. ‘मान्सून’ही इंग्रजीत पोर्तुगिजांमार्फत गेला, पण त्याचं मूळ अरबी, आपल्या ‘मोसम’चंच.

परकी भाषा किती आपलीशी होऊ शकते हे पाहायचं तर थॉमस स्टीफन्स आठव. हा इंग्रज जेझुइट, म्हणजे एका ख्रिस्ती धर्मसंघाचा धर्मप्रचारक, १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, मराठीत, जवळपास ११ हजार ओव्यांचं. नुसत्या शब्दांच्या यादीतून ओवी उभी राहत नाही. शब्द कुठे बसतो, कुणाशेजारी बसतो हे त्याला इथल्या माणसांच्या तोंडून ऐकावंच लागलं असणार.

दिवसाला पन्नास शब्दांचा हट्ट सोड, पाच पुरेत. वाक्य लिहिल्यावर मोठ्याने वाच. आठवड्याने वाक्यातला शब्द झाकून तोच आठवतो का बघ.

वही ताईबरोबर परत धाडतो आहे. सातव्या पानावर ‘बाय’ आणि ‘टिल’पुढे मी पेन्सिलीने दोन-दोन रेघा आखल्यात. त्या भरून रविवारी घेऊन ये.

तुझा,
मामा