वाचकांचे प्रश्न : संक्रांतीचे काळे आणि ओणमचे पांढरे

दाक्षिणात्य सण परदेशात घरच्या माणसांसह कसे करावेत, त्या दिवशी काय नेसावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची असून माझे यजमान तमिळ आहेत. आम्ही टोरांटोला राहतो. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सात वर्षांची. येत्या जानेवारीत सासूबाई प्रथमच हिवाळ्यात आमच्याकडे असतील, त्यामुळे यंदा पोंगल व्यवस्थित व्हावा अशी यजमानांची इच्छा आहे. पण दिवस कामाचा, बाहेर बर्फ, आणि नेमकी त्याच सुमारास माझी संक्रांत. मी दरवर्षी काळी साडी नेसते. मागे एकदा फोटो पाहून सासूबाईंनी ‘सणाच्या दिवशी काळे?’ एवढेच विचारले होते. मुलगा वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचे धोतर, नेसायला तयार नाही, कारण गेल्या वर्षी हॉलमध्ये ती सर्वांसमोर सुटली. यातले काय धरावे आणि काय सोडावे?

उत्तर : आधी काळ्या साडीचे पाहू, कारण पत्रात तो मुद्दा मध्येच कुठेतरी आला असला तरी तुमच्या मनात तोच सर्वांत वर असावा. आपल्याकडे संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसतात आणि त्याचे कारण थंडीत काळा रंग ऊब धरतो असे सांगतात. तमिळ घरांत मात्र मंगल प्रसंगी काळे वर्ज्य मानतात, आणि त्यातही नव्या वर्षाच्या पहिल्या पिकाची पूजा असेल तर अधिकच. हा वाद युक्तिवादाने सुटणार नाही. तो वेळ वाटून घेतल्याने सुटतो. पोंगल सकाळचा आणि सूर्याचा सण आहे, आपले हळदीकुंकू संध्याकाळचे आहे. सकाळी पिवळी किंवा लाल साडी नेसा, संध्याकाळी चंद्रकळा. तेवढेही अवघड वाटले तर हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येते, म्हणजे काळ्या साडीला पुढे बरेच दिवस मोकळे आहेत. त्या हळदीकुंकवाला सासूबाईंना यजमानीण म्हणून पुढे बसवा. सुवासिनीला हळद, कुंकू, विड्याची पाने आणि सुपारी देण्याची रीत त्यांच्याकडेही आहे, त्यामुळे त्यांना त्यात परके काही वाटणार नाही. (आणि विषय निघालाच तर हसत हसत सांगा, की त्याच मकरसंक्रांतीला शबरीमलैच्या डोंगरावर काळे नेसलेल्या भक्तांची रीघ लागलेली असते. एका दमात सांगून विषय बदला, म्हणजे झाले.)

आता सकाळचे. ‘पोंगल’ म्हणजे उतू जाणे, आणि तै या तमिळ महिन्याच्या पहिल्या दिवसाचा सारा प्राण त्या एका क्षणात आहे. आपण रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालवतो, ते आठवले की हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. टोरांटोला जानेवारीच्या मध्यावर सूर्य पावणेआठनंतर उगवतो, म्हणजे मुले शाळेला निघण्यापूर्वी खऱ्या सूर्योदयाला दूध उतू जाऊ शकते. गावाकडे त्यासाठी जेवढे लवकर उठावे लागते तेवढेही तुम्हाला उठावे लागणार नाही. बाल्कनीत चूल मांडण्याच्या फंदात पडू नका. पूर्वेच्या खिडकीजवळची शेगडी पुरेशी आहे. भांडे अरुंद तोंडाचे घ्या, म्हणजे थोड्या दुधातही ते लवकर वर येते. काचेच्या शेगडीवर सांडलेले दूध करपून चिकटते, म्हणून भांडे काठ असलेल्या पसरट तव्यात ठेवा आणि वरचा पंखा चालू ठेवा, नाहीतर ‘पोंगलो पोंगल’च्या आरोळीआधी धुराची घंटाच वाजायची. भांड्याच्या गळ्याला पानांसकट ओली हळद बांधतात. पाने मिळाली नाहीत तर नुसते हळकुंड दोऱ्याने बांधावे. दूध उतू गेले, मुलांनी आरोळी दिली, की त्यात नवे तांदूळ आणि मुगाची डाळ घाला. गूळ मात्र भात पूर्ण शिजल्यावरच घाला, कारण आधी घातल्यास दूध फाटते आणि तांदूळही दडदडीत राहतो. नैवेद्याच्या ताटात चक्करै पोंगलशेजारी (हाच तो गुळाचा गोड भात) तिळगुळाची वाटी ठेवायला कोणाची हरकत असणार नाही. आदल्या दिवसाचे नाव तर दोन्हीकडे भोगीच आहे, तेव्हा बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी सासूबाईंना आदल्या दिवशी जेवू घाला.

कोलम, म्हणजे तिकडची तांदळाच्या पिठाची रांगोळी, बर्फात काढता येत नाही, तो लाकडी पाटावर काढा. तांदूळ भिजवून वाटलेले पातळ पीठ फडक्याच्या बोळ्यात घेऊन बोटांमधून ओघळवत रेघ ओढतात. ओली असताना ती जेमतेम दिसते आणि वाळत जाईल तशी पांढरीशुभ्र उमटते. सात वर्षांच्या मुलीला एवढे एक काम पूर्ण तिच्या हाती द्या. ठिपके आजीने घालावेत, रेघा नातीने जोडाव्यात. रेघ वाकडी आली तर पुसायला लावू नका.

मंडळाचा हॉलमधला कार्यक्रम बहुधा नंतरच्या शनिवारी असेल. तिथे जरूर जा, पण त्याला घरचा सण समजू नका. मुलांच्या लक्षात राहते ती शाळेच्या दिवशी सकाळी झालेली धांदल.

वेष्टीबद्दल मला मुलाची बाजू पटते. चारचौघांत एकदा ती सुटली, की अकरा वर्षांच्या मुलाला त्या कपड्याचा राग येणारच. पाकिटातून काढलेली कोरी वेष्टी खळीमुळे कडक असते आणि कमरेवर घसरते, म्हणून ती एकदा धुऊन घ्यावी. आपल्या धोतरासारखा तिला काष्टा नसतो. ती नुसती गुंडाळतात, म्हणून सगळा भार कमरेच्या घडीवर येतो. मोठ्या माणसांची दुहेरी, ‘एट्टु मुळम्’ म्हणजे आठ हातांची वेष्टी त्याला देऊ नका. एकेरी चार हातांची द्या. नेसताना पाय खांद्यांइतके फाकवून उभे राहायला सांगा, म्हणजे चालताना पावले अडखळत नाहीत, आणि कमरेशी काठ दोनदा बाहेरच्या बाजूला घट्ट वळवून वर पट्टा बांधा. तमिळ पुरुषही वेष्टीवर पट्टा बांधतात, त्यात लाजण्यासारखे काही नाही. वेल्क्रो लावलेली वेष्टी बाजारात मिळते. या वर्षापुरती तीही चालेल. मात्र सणाआधी दोन-तीन रविवार त्याने ती घरात नेसून जेवावे, जिना चढावा, क्रिकेट खेळावे. आणि त्याच्या वडिलांनीही त्या दिवशी वेष्टीच नेसावी. बाप जीन्समध्ये आणि मुलगा वेष्टीत, हा प्रकार मी अनेक घरांत पाहिला आहे. तिथे मुलाचे काही चुकत नाही.

मुलीची पट्टु पावाडै म्हणजे आपले रेशमी परकर-पोलकेच. शिवून घेताना परकराच्या घेराला खालून दोन-तीन आडव्या दुमडी घालायला सांगा. मुलगी वाढेल तशी दरवर्षी एकेक उसवता येते, आणि उसवलेल्या जागी रेशमाचा थोडा गडद पट्टा राहतो, त्यावरून कोणत्या वर्षी ती किती वाढली हे कळते. आत लोकरीचे थर्मल घालावे. पावाडै पायघोळ असल्याने ते दिसत नाही.

प्रश्न : आम्ही तंजावरी मराठी, गेली काही वर्षे सिंगापूरला आहोत. आईच्या घरी नवरात्रात नऊ पायऱ्यांचा गोलू, म्हणजे बाहुल्यांची आरास, असे. आमच्या भाड्याच्या घरात ते शक्य नाही आणि बाहुल्याही फारशा नाहीत. एकोणीस वर्षांच्या मुलीला गोलूच्या आमंत्रणांना नऊवारी नेसून जायचे आहे. आपली नऊवारी आणि तमिळ मडिसार यांत फरक काय, असे ती विचारते.

उत्तर : तुमच्या घराण्याकडे या प्रश्नाचे उत्तर माझ्यापेक्षा जुने आहे. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांची गादी होती, आणि तिच्या आश्रयाने गेलेल्या घरांनी दोन्हीकडच्या रीती एकाच माजघरात नांदवल्या.

गोलूच्या पायऱ्यांची संख्या विषम असावी एवढाच नियम आहे, तीन चालतात. पुस्तकांचे खोके आणि स्टूल रचून वर पांढरी वेष्टी ताणून अंथरा. कलश हवा, आणि ‘मरप्पाच्ची’ नावाची लाकडी बाहुल्यांची जोडी हवी. ही जोडी तुमच्या आईकडे नक्की असेल. तीच आणा, कारण ती पिढ्यान्‌पिढ्या पुढे द्यायची असते. बाकीचे हळूहळू जमते, दर वर्षी एक नवी बाहुली घेण्याचा प्रघात आहेच. खालच्या पायरीपाशी मुले त्यांच्या खेळण्यांची बाग किंवा गाव मांडतात, आणि तिथे प्लास्टिकची आगगाडी आली तरी कोणी नाक मुरडत नाही. चैत्रगौरीची आरास ज्याने केली आहे त्याला यात नवे काही नाही; डाळ-पन्ह्याच्या जागी रोज एक वेगळे सुंडल, म्हणजे खोबरे घातलेली उकडलेली कडधान्ये, एवढाच बदल. सेरंगून रस्त्यावर विड्याची पाने आणि फुले मिळतात, त्यामुळे तांबूलाची अडचण पडू नये. विजयादशमीच्या रात्री एक बाहुली आडवी निजवायला विसरू नका.

मडिसार आणि आपली नऊवारी, दोन्हींत साडी सुमारे नऊ वार आणि मागे काष्टा. डोळ्यांत भरणारा फरक पदराचा: तमिळ ब्राह्मणांपैकी अय्यर घरांत पदर उजव्या खांद्यावर घेतात, अय्यंगारांकडे आपल्यासारखा डाव्या खांद्यावर. मडिसार परंपरेने लग्नानंतरच नेसतात, म्हणून एखाद्या जुन्या वळणाच्या घरी अविवाहित मुलगी तशी गेली तर आजीबाई चमकतील. आपल्या नऊवारीला असे बंधन नाही. तिने मराठी पद्धतीने नेसावी आणि विचारले तर अभिमानाने तंजावरचे नाव सांगावे. एखाद्या संध्याकाळी पावाडै-दावणीही (परकर-पोलके आणि वर अर्धी साडी) नेसून पाहावी. त्या वयाला तोच वेष ठरलेला आहे आणि तो तिला आवडेल असे वाटते.

प्रश्न : माझी सून मल्याळी आहे. ओणमसाठी मी न्यू जर्सीला तिच्याकडे जात आहे. तिने माझ्यासाठी सोनेरी काठाची पांढरी साडी आणून ठेवली आहे. आमच्याकडे सुवासिनीने सणाला पांढरे नेसायचे नाही. नेसू का?

उत्तर : अवश्य नेसा. ते आपल्या मनातले पांढरे नव्हे. केरळातला तो कोरा, रंग न दिलेला सुती कपडा साईसारख्या रंगाचा असतो आणि त्याचा जरीचा काठ, म्हणजे कसवू, हेच त्याचे मांगल्य. बलरामपुरम, चेंदमंगलम, कुत्ताम्पुळ्ळी या गावांत तो हातमागावर विणतात. ओणमलाच काय, लग्नातही तिथल्या सुवासिनी तो नेसतात. मन तरीही कचरले तर कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरवा चुडा आणि केसांत गजरा ठेवा. एक पाहून घ्या, की ती सलग साडी आहे की ‘सेट्टु मुंडु’. सेट्टु मुंडु म्हणजे दोन तुकडे: एक कमरेला गुंडाळायचा, दुसरा कमरेशी खोचून पदरासारखा डाव्या खांद्यावर घ्यायचा. पहिल्यांदा नेसताना सुनेचीच मदत घ्या. सासूला नेसवायला मिळाल्याचा तिला आनंदच होईल.

सद्या, म्हणजे केळीच्या पानावरचे ओणमचे जेवण, वाढताना पानाचे टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येऊ द्या. तिकडे ही पाने बहुतेक गोठवलेली मिळतात आणि घाईने उलगडली तर शिरेपाशी चिरतात. ती आदल्या रात्री बाहेर काढून ठेवावीत, आणि सकाळी पुसून मंद आचेवरून एकदा फिरवावीत. पानाचा रंग गडद होऊन त्यावर तकाकी आली की ते मऊ झाले. जेवण झाल्यावर पान स्वतःच्या दिशेने मिटायचे.