प्रश्न तुमचे, उत्तरं बाईंची : मागची रांग, मधली सुट्टी आणि बाकी बरंच काही

या वेळी पत्रं आणि मेसेज मिळून एवढे प्रश्न आलेत की सगळे घेणं शक्यच नाही, आणि त्यातले निम्म्याहून जास्त गॅदरिंगचे, त्यामुळे त्याच्यावर जरा सविस्तर बोलते, बाकीच्यांवर थोडक्यात. ज्यांचे राहिले त्यांचे पुढच्या अंकात नक्की घेईन.

प्रश्न : बाई, माझी मुलगी तिसरीत आहे. गॅदरिंगच्या डान्समध्ये तिला सगळ्यात मागच्या रांगेत उभं केलंय. घरी येऊन खूप रडली. दरवर्षी पुढे त्याच चार-पाच मुली असतात. मी शाळेत जाऊन भांडू का? मिस्टर म्हणतात सोडून दे, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला.

उत्तर : एवढीशी गोष्ट नाहीये ती, तिच्यासाठी तरी नाही. आठ वर्षांच्या मुलीला आपण मागे का हे बरोबर कळतं, कुणी सांगायची गरज नसते, आणि ते कळलेलं ती बरीच वर्षं धरून ठेवते. म्हणून सोडून देऊ नका, पण भांडायलाही जाऊ नका. वर्गशिक्षिकेला भेटायची वेळ मागा, शांतपणे बसा, आणि "माझ्या मुलीला पुढे घ्या" असं अजिबात म्हणू नका, कारण मग तिच्या जागी दुसरी कुणीतरी मागे जाते आणि पुढच्या वर्षी तिची आई रडवेली होऊन मला पत्र लिहिते. फक्त एवढंच विचारा की रांगा फिरवता येतील का. गाण्याच्या प्रत्येक कडव्याला मागची रांग पुढे, पुढची मागे. तिसरीची मुलं हे दोन-तीन प्रॅक्टिसमध्ये सहज शिकतात, मी करून घेतलंय, थोडी धडकाधडकी होते आणि मग बसतं.

खरं सांगते, सुरुवातीची कितीतरी वर्षं मीसुद्धा हेच करायचे. जी मुलगी चटकन स्टेप उचलते ती पुढे, जिला वेळ लागतो ती मागे, म्हणजे कार्यक्रम चांगला दिसतो. कुणाला चांगला दिसतो हा प्रश्नच मनात यायचा नाही. पाहुण्यांना, पालकांना, हेडबाईंना. मुलांचा कार्यक्रम मोठ्या माणसांच्या डोळ्यांनी बसवत होते मी.

मला हे कळलं ते चौथीतल्या एका मुलामुळे. स्टेजवर उभं राहायचं म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं, म्हणून त्याला पडद्याची दोरी दिली, खरं तर त्याला कुठेतरी गुंतवायचं म्हणून. तर हा पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी लाल लोकरीचा तुकडा घेऊन आला आणि दोरीला बरोबर एका जागी गाठ मारून बांधला. का रे, विचारलं, तर म्हणाला बाई, लोकर हाताशी आली की थांबायचं, नाहीतर पडदा खाडकन आदळतो. कुणी सांगितलं नव्हतं त्याला, प्रॅक्टिसच्या वेळी पडदा दोनदा आदळलेला त्याने बघितला होता. कार्यक्रमात तेरा वेळा पडदा उघडला आणि मिटला, एकदाही आदळला नाही. शेवटी आम्ही त्याला स्टेजवर बोलावलं तेव्हा तो नमस्कार वगैरे काही न करता दोन्ही तळवे पुढे करून उभा राहिला, दोरीचे वळ दाखवत.

तेव्हापासून आमच्याकडे पडदा, माईक, सामानाची मांडामांड, पुढच्या ग्रुपला बोलावून आणणं, निवेदन, ही सगळी कामं मुलांकडे, आणि ती कामं कुणाची ते स्टेजवरून नावानिशी सांगायचं. तुमच्या शाळेतही सुचवून बघा. आणि जाता जाता दोन गोष्टी, थोड्या रागाने म्हणते आहे पण मनापासून. एक, महिनाभर तास बुडवून प्रॅक्टिस करू नका, कारण जी मुलं कशातच नाहीत ती वर्गात "वाचत बसा" म्हणून नुसती बसून राहतात, त्यांचा काय दोष. दोन, पालकांनो, पुढे उभं राहून शूटिंग करू नका. स्टेजवरून मूल तुमचा चेहरा शोधत असतं आणि त्याला दिसते ती मोबाइलची पाठ.

प्रश्न : मी या वर्षीच प्राथमिक शाळेत लागलेय, दुसरीला शिकवते, वर्गात ३८ मुलं. ज्यांचं लिखाण पूर्ण होत नाही त्यांना मधल्या सुट्टीत वर्गात बसवायचं अशी आमच्याकडे पद्धत आहे. मला ते बरं वाटत नाही पण सीनियर लोकांना कसं सांगू?

उत्तर : बरं वाटत नाही ते योग्यच आहे. ज्या मुलाचं लिखाण राहतं ते बहुतेक वेळा जागेवर बसू न शकणारं मूल असतं, म्हणजे ज्याला पळायची सगळ्यात जास्त गरज आहे त्याचंच पळणं आपण बंद करतो, आणि मग मधल्या सुट्टीनंतर तेच मूल अजून चुळबुळ करतं, अजून ओरडा खातं.

सीनियर लोकांना सांगायला तुमच्या हातात काहीतरी ठोस हवं ना, तर हे घ्या. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात कलम ३१ हे विश्रांती आणि खेळ यांच्याबद्दलचंच आहे, खेळ हा हक्क म्हणून लिहिलाय, बक्षीस म्हणून नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली मधल्या सुट्टीवर वेगळं निवेदनच काढलं, त्यात स्पष्ट म्हटलंय की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी म्हणून मुलांची मधली सुट्टी काढून घेऊ नये. आणि अजून एक, हे मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटतं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळांमध्ये पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला, निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मुलांना बाहेर, मोकळ्यावर काढायला दिला, निम्म्यांनी नेहमीसारखंच ठेवलं. तीन वर्षांनी बाहेर जाणाऱ्या शाळांमध्ये साधारण ३० टक्के मुलांना लांबचं कमी दिसायला लागलं होतं आणि दुसऱ्या शाळांमध्ये साधारण ४० टक्के मुलांना. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे मधली सुट्टी ही डोळ्यांसाठीसुद्धा आहे. हे एवढं सांगितलंत तर कुणी सहसा वाद घालणार नाही.

राहिलं लिखाण. ते का राहतं ते आधी बघा. फळ्यावरचं दिसत नसेल, पेन्सिल चुकीची धरत असेल आणि हात दुखत असेल, किंवा दहा ओळी त्याच्यासाठी खरंच जास्त असतील. चार ओळी नीट लिहिल्या तर चालेल म्हणा. त्याच्या शेजारी दोन मिनिटं बसा, लिहिताना बघा, कारण तिथेच कळतं.

प्रश्न : वर्गातल्या एका मुलीच्या डोक्यात उवा झाल्यात. व्हॉट्सॲप ग्रुपवर पालक तिचं नाव घेऊन तिला शाळेत पाठवू नका म्हणतायत. मी वर्ग प्रतिनिधी आहे, काय करू?

उत्तर : आधी ते नाव असलेले मेसेज डिलीट करायला लावा, आजच, आणि त्या मुलीच्या आईला फोन करा. मग ग्रुपवर एवढंच टाका की उवा कुणालाही होतात, त्याचा स्वच्छतेशी काही संबंध नाही. ऊ उडी मारत नाही, उडत नाही, फक्त चालते, त्यामुळे मुख्यतः डोक्याला डोकं लागलं की जाते आणि लहान मुलं तर डोक्याला डोकं लावूनच खेळतात. डोक्याबाहेर ती एक-दोन दिवसांच्या वर जगत नाही. लिखेतून ऊ बाहेर यायला आठवडा-दीड आठवडा लागतो म्हणून औषध एकदा लावून भागत नाही, बऱ्याच औषधांचा दुसरा हात सात ते दहा दिवसांनी द्यावा लागतो, नेमकं कसं ते डॉक्टरांना विचारायचं. बारीक दातांची फणी सगळ्यांनी आपापल्या घरी फिरवा, त्याच दिवशी, म्हणजे कुणा एकीवर येत नाही. यासाठी शाळा बुडवायची गरज नसते.

प्रश्न : आमच्या शाळेत मुलांना वर्ग झाडायला लावतात. आम्ही फी भरतो ती काय यासाठी? मुलगा पाचवीत आहे.

उत्तर : तुमचा राग समजतो पण मी तुमच्या बाजूने नाहीये. जपानमध्ये प्राथमिक शाळेतली मुलं आपला वर्ग, जिने, व्हरांडे स्वतः साफ करतात, तो तिथल्या शाळेच्या दिवसाचाच एक भाग असतो, आणि दुपारचं जेवणही मुलंच पांढरे ॲप्रन घालून एकमेकांना वाढतात. ज्या जमिनीवर आपण कागदाचे कपटे टाकले ती झाडली की पुढच्या वेळी हात आपोआप थांबतो, शंभर वेळा सांगून जे होत नाही ते एका झाडूने होतं.

पण शाळेत जाऊन तीन गोष्टी मात्र जरूर बघा, आणि यात काही चुकीचं दिसलं तर तेव्हा आवाज चढवा. पाळी सगळ्यांची येते का, मुलांची आणि मुलींची सारखीच? हे काम शिक्षा म्हणून दिलं जातं का? आणि नेमकी काहीच घरांतली, काहीच समाजांतली मुलं झाडू धरतात का? यातलं एक जरी उत्तर वाईट आलं तर ते शिक्षण नाही, तो अपमान आहे आणि तो थांबायलाच हवा. शिक्षकांनीही पाळी घ्यावी असं माझं मत आहे, मी घ्यायचे.

प्रश्न : मी शिफ्ट ड्युटी करतो. पालकसभेला जमत नाही, शाळेकडून मेसेज येतो तो फक्त वर्गणीचा. पण आठवड्यातून एक सकाळ मोकळी असते. शाळेसाठी काहीतरी करावंसं वाटतं, काय करता येईल? शिक्षण फार नाही माझं.

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. शाळेला पैशापेक्षा जास्त कमी पडतो तो मोठ्या माणसाचा वेळ, आणि तुम्ही तोच देताय.

एक म्हणजे चालत शाळेत सोडणं. तुमच्या भागातली पाच-सहा मुलं जवळच राहत असतील तर एक मोठं माणूस सगळ्यांना ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या वेळी, एकेका घरापासून गोळा करत चालत नेतं. बसला जसे थांबे असतात तसे थांबे, फक्त बस नाही. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड एंगविक्ट यांनी १९९० च्या दशकात ही कल्पना मांडली आणि ती मग बऱ्याच देशांत गेली. तुमच्यासारखे पाच पालक मिळाले, प्रत्येकाची एक सकाळ, की आठवडा पुरा. मात्र आधी शाळेला कळवा, पालकांचं लेखी घ्या, आणि मुलं जास्त असतील तर दोन मोठी माणसं लागतातच, एक पुढे एक मागे.

दुसरं मला जास्त आवडतं. शाळेत जाऊन मुलांना वाचून दाखवा, वीस मिनिटं. शिक्षण लागत नाही याला, अडखळलात तरी चालतं, उलट मोठं माणूसही अडखळतं आणि परत मागे जाऊन वाचतं हे ज्या मुलाला वाचता येत नाही त्याने बघायलाच हवं. आणि एक बाबा माणूस कामाच्या कपड्यांत येऊन गोष्ट वाचतोय हे मुलांनी फारसं बघितलेलं नसतं. हेडमास्तरांना भेटा, वार ठरवा, आणि मग तो वार चुकवू नका, कारण मुलं त्या दिवशी वाट बघतात. जमणार नसेल तर आदल्या दिवशी निरोप द्या.

थोडी मोठी गोष्ट घ्या, एका बैठकीत न संपणारी. पहिल्या दिवशी दोन-चार मुलं ऐकणार नाहीत, एक खिडकीबाहेर बघत बसेल, त्याला टोकू नका. चित्र आलं की पुस्तक फिरवून मागच्यांनाही दाखवा. बेल झाली की वाक्याच्या मध्येच असलात तरी तिथेच थांबा, खूण घालू नका, कुठल्या पानावर थांबलो ते लक्षात ठेवायचं काम त्या खिडकीवाल्याला द्या, आणि पुढच्या आठवड्यात गेल्यावर आधी त्यालाच विचारा.